येईल की नाही, सांगता येत नाही : प्रिन्सच्या लंडनमधल्या २१ रात्री आणि त्यांच्या उत्तररात्री

ऑगस्ट २००७. लंडनच्या ग्रीनिच भागात, थेम्सच्या वळणावरच्या पांढऱ्या घुमटाखाली अमेरिकन गायक-वादक प्रिन्सचा मुख्य कार्यक्रम नुकताच संपला आहे. वीस हजारांचं सभागृह रिकामं होतंय. बहुतेकांची पावलं भरभर नॉर्थ ग्रीनिच स्टेशनकडे, कारण लंडनची भुयारी रेल्वे तेव्हा रात्रभर चालत नसे. ती सोय यायला अजून नऊ वर्षं होती. पण काही माणसं स्टेशनकडे वळतच नाहीत. त्याच घुमटाखाली आणखी एक दार आहे, इंडिगोओटू नावाच्या लहान सभागृहाचं. लहान म्हणजे दोन-अडीच हजारांचं. तिथे ती रांग लावतात. तिकीट वेगळं. आत काय ऐकायला मिळेल ते कुणीच सांगत नाही. प्रिन्स वाजवेल? बहुधा. किती वेळ? कोण जाणे. येईल तरी का? हमी नाही.

हे प्रकरण त्या दुसऱ्या दाराचं आहे.

या प्रकारात माझं मन अडकायचं कारण घरचंच. पुण्यातल्या एका लहानशा संगीत मंडळासाठी मी काही वर्षं सतरंज्या अंथरल्या, चहा सांगितला आणि मुख्य म्हणजे दारात उभा राहिलो. दारातल्या माणसाला गाणं अर्धंमुर्धंच ऐकू येतं, पण ऐकणारे मात्र पुरते दिसतात. एकदा बुवांनी एक अनवट राग उघडला आणि पाऊण तास झाला तरी विलंबितातून बाहेर यायचं नाव नाही. एक गृहस्थ हळूच दारापाशी आले आणि विचारते झाले, “नाट्यगीत कधी?” त्यांच्यामागे भिंतीला टेकून एक काकू डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांना त्या क्षणी कुणी नाट्यगीत ऐकवलं असतं तर त्या उठून गेल्या असत्या. दोघांची देणगी सारखी, सतरंजी एकच, आणि दोघांना हवं ते नेमकं उलट. लंडनमध्ये २००७ साली हेच झालं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर.

आधी मुख्य कार्यक्रमाचा हिशेब. प्रिन्सने सुरुवातीला सातच रात्री जाहीर केल्या होत्या. मागणी इतकी आली की आकडा २१ वर गेला. १ ऑगस्ट ते २१ सप्टेंबर. तिकीट ३१ पौंड २१ पेन्स, कारण त्याच्या आदल्या वर्षीच्या अल्बमचं नाव ‘३१२१’. तिकिटाबरोबर नव्या अल्बमची सीडी फुकट. ती सीडी १५ जुलैला एका रविवारच्या वृत्तपत्रातून घरोघर आधीच वाटून झाली होती, त्यामुळे ब्रिटनमधले सीडी-दुकानदार खवळले आणि तिथल्या वितरक कंपनीने अल्बम विकायला नकार दिला. प्रिन्सला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. पैसा रंगमंचावरून येणार होता. साडेतीन लाखांच्या आसपास तिकिटं गेल्याचे आकडे नंतर छापून आले.

हे झालं दिवसाउजेडीचं, म्हणजे रात्री अकरापर्यंतचं. त्यानंतरच्या प्रकाराला इंग्रजीत आफ्टरशो म्हणतात. मराठीत ‘उत्तररात्रीची मैफल’ म्हटलं की अर्थ बराचसा येतो. सवाई गंधर्व महोत्सवाची शेवटची रात्र पहाटेला जाऊन मिळायची, ते दिवस आठवणाऱ्यांना तर पूर्णच येईल. आपल्याकडे रात्री दहाच्या ध्वनिक्षेपकबंदीने त्या रात्री मोडीत काढल्या. प्रिन्सला असा अडसर नव्हता. मोठ्या सभागृहात दोन तास नाचून, गाऊन, घामाघूम होऊन तो कपडे बदलायचा आणि मध्यरात्रीनंतर एखाद्या क्लबात पुन्हा उभा राहायचा. तिथे दिव्यांचा थाट नसायचा आणि सगळ्यांना पाठ असलेली गाणी फारशी नसायची. असायचा तो फंक.

फंक म्हणजे काय, हे इथे थोडं थांबून बघायला हवं. ते कळल्याशिवाय ही माणसं पहाटे दोनला पाय दुखत उभी का राहतात, ते कळणार नाही.

अमेरिकन गायक जेम्स ब्राउनने १९६० च्या दशकात आपल्या वादकांना एक गोष्ट पढवली : मापातल्या पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी मिळून उतरायचं. त्याला ते नुसतं ‘द वन’ म्हणत. आपल्या कानांना हे लगेच कळावं, कारण ही जवळजवळ समच आहे. फरक इतकाच की आपली सम दहा, बारा, सोळा मात्रांनी येते आणि तिची वाट बघण्यात मजा असते. फंकची सम चार मात्रांनी येते, येतच राहते, आणि मजा असते ती दोन समांच्या मधल्या फटीत. बास तिथे एक सूर मुद्दाम गिळतो. गिटार सूर न धरता नुसत्या दाबलेल्या तारांवर खरडते, खर्‌-खर्‌-टक. ड्रमवर उजवा हात झांजेवर बारीक दळण दळत असतो. सुरावटही जवळपास एकच, दहा-पंधरा मिनिटं तीच. बदलतं ते कोण कुठे गप्प बसतं एवढंच. नेता हात वर करतो, मूठ आवळतो, आणि सगळे एका क्षणी थांबतात. फक्त झांज चालू. मग पुन्हा एकावर सगळे. हे जमलं की सभागृहातली माणसं ओरडत नाहीत, कण्हतात. मोठ्या कार्यक्रमात असं पंधरा मिनिटं करता येत नाही. पाचव्या मिनिटाला मागच्या रांगांतली माणसं खायला-प्यायला उठतात.

लंडनच्या त्या वादकताफ्यात मेसिओ पार्कर होता. हाच तो सॅक्सोफोनवाला, ज्याचं नाव जेम्स ब्राउन ध्वनिमुद्रिकांवर मोठ्याने पुकारायचा. १९६४ पासून तो ब्राउनकडे होता, पुढे फंकचाच दुसरा म्होरक्या जॉर्ज क्लिंटनकडे. ब्राउन २००६ च्या नाताळच्या दिवशी वारला. म्हणजे आठ महिन्यांनी लंडनमध्ये प्रिन्सच्या खांद्याला खांदा लावून जो म्हातारा वाजवत होता, त्याच्या फुंकरीत फंकची अख्खी वंशावळ होती. शेजारी ट्रॉम्बोनवर ग्रेग बॉयर, ड्रमवर कोरा कोलमन-डनहम, गायला शेल्बी जे. दर्दी लोकांना इंडिगोत हे ऐकायचं होतं. प्रिन्सने त्यात अधूनमधून गिटार उचलली तरी पुरे. ती गिटारही ठरलेली : बिबळ्याच्या ठिपक्यांची पट्टी असलेली ‘मॅडकॅट’. ती खांद्यावर आली की जाणत्यांना कळायचं, आता तालाचं काम होणार.

या सगळ्यामागे एक दंतकथा आहे, आणि या दंतकथेची चक्क ध्वनिफीत आहे. ऑगस्ट १९८८, प्रिन्सच्या ‘लव्हसेक्सी’ अल्बमचा दौरा. रॉटरडॅमच्या फुटबॉल स्टेडियममधला कार्यक्रम आटोपून प्रिन्स हेगमधल्या ‘पार्ड फान ट्रोये’, म्हणजे ‘ट्रॉयचा घोडा’, या क्लबात गेला आणि पहाटेपर्यंत वाजवलं. ड्रमवर शीला ई., एका गाण्याला गायिका मेव्हिस स्टेपल्स. टेम्प्टेशन्स या अमेरिकन गायकवृंदाचं १९७१ चं एक हळुवार प्रेमगीत त्याने घेतलं आणि त्याच्या शेवटी गिटारवर जे काही केलं, ते चोरट्या मुद्रणातून जगभर गेलं. त्या रात्री त्याने अशीही गाणी वाजवली जी अल्बमवर यायला पुढे वर्षं लागली, एकाला तर अकरा. क्लबात किती माणसं होती? काहीशे. मी तिथे होतो असं सांगणारी मात्र आता काही हजार भेटतील. शिवाजी पार्कच्या प्रत्येक गाजलेल्या सभेचं जसं होतं, तसंच.

त्या ध्वनिफितीने अपेक्षा ठरवून टाकली. पुढे प्रिन्स २०१६ मध्ये जाईपर्यंत प्रत्येक चाहता प्रत्येक उत्तररात्री हेग शोधत राहिला.

आता प्रकरणाचा गाभा. हेगमध्ये कुणाला काही वचन दिलेलं नव्हतं. बातमी कानोकानी पसरली, माणसं आली, काही दारातूनच परत गेली. जे आत होते त्यांनी पदरचं घातलं होतं ते झोपेचं खोबरं आणि दुसऱ्या दिवशीची रजा. प्रिन्स आला नसता तर ते शिव्या देत घरी गेले असते आणि पुढच्या वेळी पुन्हा आले असते. मिनियापोलिसजवळच्या चॅनहॅसन गावातल्या त्याच्या पेझ्ली पार्क या वास्तूतही वर्षानुवर्षं हेच चाललं. अचानक निरोप, रात्री उशिरा दार उघडणार, आत दारू नाही, फोन नाही. कधी तो तीन तास वाजवायचा, कधी नुसत्या तबकड्या लावायचा, कधी कोपऱ्यातून डोकावून गायब. तिथले नेहमीचे लोक याला फसवणूक म्हणत नसत. हवामान म्हणत. पाऊस पडला तर पडला.

लंडनमध्ये मात्र या हवामानावर तारीख, वार आणि किंमत छापली गेली.

आयोजनाच्या बाजूने पाहिलं तर हे शहाणपणाचं होतं, मान्य करायला हवं. सभागृह त्याच छताखाली. वादकांना गाडीत बसवून शहरभर न्यायला नको. आधी कळल्यामुळे जर्मनीहून, हॉलंडहून, अमेरिकेहून येणाऱ्याला विमानाचं आणि हॉटेलचं पाहता येतं. चोरट्या बाजारात भलत्या भावाने तिकीट घ्यावं लागत नाही. पण तिकीट छापलं की ते कुणीही विकत घेऊ शकतं. मुख्य कार्यक्रमाचं तिकीट न मिळालेला सामान्य श्रोता म्हणतो, चला, निदान इथे तरी प्रिन्स दिसेल. त्याला हिट गाणी हवी असतात, आणि त्यात त्याची काही चूक नाही. त्याच्या शेजारी ॲम्स्टरडॅमहून सातव्यांदा आलेला गडी उभा, ज्याला हिट गाणं सुरू झालं की जांभई येते.

यातली खरी चूक मला वेगळीकडे दिसते. प्रिन्सपाशी या दोन गर्दी वेगळ्या ठेवायचं साधन होतं, आणि ते त्याने स्वतःच वर्षभर आधी मोडलं होतं. २००१ मध्ये त्याने एनपीजी म्युझिक क्लब सुरू केला होता, इंटरनेटवरून थेट चाहत्यांसाठी. २००२ च्या दौऱ्यात क्लबच्या सभासदांना पुढच्या खुर्च्या मिळत, दुपारी वाद्यं जुळवतानाच्या तासाला आत बसता येई आणि उत्तररात्रीची वाटही खुली असे. जो वर्षभर पैसे आणि मन दोन्ही गुंतवतो त्याला अनिश्चिततेचा अर्थ आधीच माहीत असतो, म्हणून त्याला आत घेणं सोपं. त्या दौऱ्याच्या उत्तररात्रींचा अल्बमही २००२ च्या शेवटी आला, जॉर्ज क्लिंटन पाहुणा. मग जून २००६ मध्ये या क्लबासाठी त्याला वेबविश्वातला जीवनगौरव मिळाला आणि काही आठवड्यांतच त्याने क्लब बंद करून टाकला. असा माणूस. लंडनच्या वेळी चाळणी नव्हती, होती ती फक्त तिकीटखिडकी.

मग इंडिगोत काय व्हायचं? सर्वात आधी वाट बघणं. तबकड्या वाजताहेत. अर्धा तास, तास. आपल्या नाटकाला निदान तिसरी घंटा असते, इथे तीही नाही. मंचावर तंत्रज्ञ येतो, एका माइकवर ‘वन, टू’ करतो, तेवढ्यावरही आरोळी उठते. काळ्या कपड्यातला तो गरीब बिचारा ओशाळून आत जातो. पायांत गोळे आलेले. पाण्यासाठी जागा सोडावी तर जागा गेली. आणि मनात सतत एकच हिशेब : पहिली सकाळची गाडी कधी, की रात्रीच्या बसने निघावं?

मग वादक येतात. बास सुरू होतो. दहा मिनिटं नुसता ताल. काही रात्री प्रिन्स त्यातच शिरायचा आणि दोन तास हलायचा नाही. काही रात्री शेल्बी जे आणि मेसिओ मैफल ओढायचे आणि तो कडेला कळफलकावर चार सूर टाकून निघून जायचा. काही रात्री मंच दुसऱ्याच कुणाकडे. २१ सप्टेंबरच्या शेवटच्या रात्री, म्हणजे तारखेने २२ ला, ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउस मंचावर आली आणि तिने आपलंच एक गाणं त्याच्या साथीने गायलं. ते गाणं तो त्याआधी स्वतः मोठ्या मंचावर गात होता. जे आदल्या रात्रीचं तिकीट घेऊन बसले होते त्यांच्या पोटात काय झालं असेल, ते कुठल्याही क्रिकेटवेड्याला विचारा, ज्याने चार दिवस कसोटी बघितली आणि पाचव्या दिवशी ऑफिसला गेला.

यातूनच चाहत्यांना काय हवं असतं ते दिसू लागतं, आणि ते त्यांच्या तोंडच्या यादीपेक्षा वेगळं असतं. विचारलं तर ते सांगतात : दुर्मिळ गाणी, दुसऱ्यांची गाणी, लांब वादन, जवळून दर्शन. सगळं खरं. पण दुर्मिळ गाण्यांचीच यादी आधी जाहीर केली आणि ती तंतोतंत वाजवली, तर हीच माणसं म्हणतील, छान होतं, पण काहीतरी राहिलं. त्यांना तो स्वतः काय करायचं ते तिथल्या तिथे ठरवताना बघायचा असतो. मूठ आवळली तेव्हा बासवाला एक मात्रा चुकला आणि प्रिन्स त्याच्याकडे बघून हसला, हे घरी नेण्यासारखं. गायकाने तबलजीकडे बघून मान हलवली की आपण जसे शेजाऱ्याला कोपर मारतो, तसं. मोठ्या मंचावर तो श्रोत्यांसाठी वाजवत असतो. इथे तो वादकांसाठी वाजवतो आणि आपल्याला ऐकू देतो.

आणि हे ऐकू देणं नाकारताही यायला हवं, ही त्यातली अवघड गोष्ट. तो न येण्याची शक्यता काढून घेतली की येण्याला वजन राहत नाही. तिकीट नेमकी तीच शक्यता घेणाऱ्याच्या माथी मारतं आणि वर पैसेही घेतं. म्हणून इंडिगोबद्दलची नाराजी ‘तो आला नाही’ एवढीच नव्हती. पेझ्ली पार्कमध्ये न येण्याचा खर्च दोघे मिळून सोसत. इथे तो एकाच बाजूला पडला. आयोजकांनी ‘हमी नाही’ म्हटलं होतं, हे कागदावर बरोबर. पण छापील किमतीशेजारी लिहिलेलं ‘हमी नाही’ आणि मित्राने मध्यरात्री फोनवर सांगितलेलं ‘बघ, येईल कदाचित’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मला विचाराल तर निम्मी जागा तिकिटाने आणि निम्मी त्या रात्रीच्या रांगेने भरायला हवी होती. परदेशातून आलेल्याचं विमान वाया जात नाही, आणि रांगेत उभा राहणारा स्वतःच्या पायांनी सिद्ध करतो की त्याला काय हवंय. व्यवस्थापनाच्या पुस्तकात हे बसणार नाही. सुरक्षावाल्यांना तर मुळीच आवडणार नाही, आणि रात्री एक वाजता थेम्सकाठच्या वाऱ्यात हजारभर माणसं उभी करण्याबद्दल त्यांचं म्हणणंही खोटं नाही.

पुढे काय झालं तेही थोडक्यात. शेवटच्या रात्रीला दोन महिने होत नाहीत तोच, नोव्हेंबर २००७ मध्ये, प्रिन्सच्या वकिलांनी चाहत्यांच्या संकेतस्थळांना पत्रं धाडली : फोटो काढा, गाण्यांचे शब्द काढा. एकवीस-एकवीस रात्री पैसे मोजलेली माणसं होती ती. त्यांनी एकत्र येऊन मोर्चा बांधला, आणि उत्तरादाखल प्रिन्सने एक फंक गाणंच सोडलं, त्यांना टोमणे मारणारं. चाहते भडकले, आणि लगेच त्या गाण्याचा बास किती झकास आहे यावर चर्चा करू लागले. यापेक्षा खरी भक्ती मी तरी पाहिलेली नाही.

फेब्रुवारी २०१४ मध्ये तो पुन्हा लंडनला आला तेव्हा तारखा छापल्याच नाहीत. नवा त्रिकुटी ताफा, तिघी मुली, आणि ऐन वेळी ट्विटरवर निरोप. कॅम्डनच्या इलेक्ट्रिक बॉलरूमबाहेर हिवाळ्यात रांग कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली. कुणी ऑफिसातून तसेच आलेले, कुणी छत्रीशिवाय. त्याही वेळी काही लोक दारातूनच परतले, पण रांगेतल्यांच्या तोंडी ‘फसवलं’ हा शब्द फारसा नव्हता.

इंडिगोच्या रात्रींचा अल्बम २००८ मध्ये निघाला, एका फोटोंच्या जाडजूड पुस्तकाच्या पोटात घालून. नाव ‘इंडिगो नाइट्स’. निवडक तुकडे, स्वच्छ आवाज. ब्रिटिश गायिका बेव्हर्ली नाइटचा दणदणीत आवाज आहे, शेल्बी जे आहे, प्रिन्स लोकांशी गप्पा मारतो तेही आहे. एमीचं गाणं नाही. तास-तासभराची वाट बघणं अर्थातच नाही, आणि माइक तपासून ओशाळून आत जाणारा तो काळ्या कपड्यातला माणूसही नाही.